पडद्यावर काय चाललंय, ते आम्हालाही सांगा

भारतातल्या टीव्ही वाहिन्यांवर ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजेच ध्वनिवर्णन, सक्तीचं व्हावं आणि मराठीत त्याची सुरुवात रोजच्या मालिकांपासून व्हावी, असं माझं ठाम मत आहे. ही सोय समजायला सोपी आहे. दोन संवादांच्या मधे जी मोकळी जागा असते, तिथे एक आवाज पडद्यावर काय घडतंय ते थोडक्यात सांगतो. कोण आत आलं, कुणी काय उचललं, चिठ्ठीवर काय लिहिलंय. ज्यांना दिसतं त्यांना तो आवाज लावायची गरज नसते. ज्यांना दिसत नाही ते रिमोटवरून तो लावून घेतात.

मी जन्मांध आहे आणि टीव्ही मला मनापासून आवडतो. जुलैतल्या एका शनिवारी मी ठरवून सकाळपासून रात्रीपर्यंत घरात जे लागेल ते लक्ष देऊन ऐकलं आणि फोनवर नोंदी करत गेले. प्रत्येक कार्यक्रमाला प्रश्न एकच लावला: शेजारी डोळस माणूस नसेल, तर मला यातलं कितपत कळेल? सोबतीला माझे सासरे होते. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. काचबिंदूनं त्यांची नजर साठीनंतर गेली. चेहरे, रंग, गोदाकाठचा बाजार, सगळं त्यांच्या आठवणीत आहे. माझ्याकडे तशी आठवणींची शिदोरी नाही. त्यामुळे एकच कार्यक्रम ऐकताना आम्हा दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी अडतं.

सकाळचं कीर्तन पूर्ण पोचलं. कीर्तनकाराला नेपथ्य नसतं, तो सगळं शब्दांनीच उभं करतो. राशिभविष्याचंही तसंच. प्रश्नमंजूषेत प्रश्न आणि चारही पर्याय मोठ्यानं वाचले जातात, म्हणून तीही कळते. यातल्या कुणी आमचा विचार करून कार्यक्रम आखला असेल असं नाही, पण बोलण्याची रीतच अशी आहे की न बघणाऱ्याचं काही सुटत नाही.

पाककृतीच्या कार्यक्रमात ही रीत मोडते. ‘आता यात एवढं तिखट घालूया’, ‘हे असं परतत राहायचं’, ‘बघा, असा रंग आला की गॅस बंद’. एवढं म्हणजे किती आणि असा म्हणजे कसा? मी रोज स्वयंपाक करते. कांदा झाला की नाही, ते मला वासावरून आणि उलथन्याखाली तो किती मऊ लागतो त्यावरून कळतं. ‘कच्चा वास गेला आणि कडेनं तेल सुटलं की’ एवढं एक वाक्य बाईंनी म्हटलं असतं, तर ते बघणाऱ्यांच्याही कामाला आलं असतं, कारण स्टुडिओच्या दिव्यांखालचा रंग आणि आपल्या ओट्यावरचा रंग सारखा असतोच असं नाही. शेवटी ‘साहित्य आणि प्रमाण स्क्रीनवर दिसतंय, लिहून घ्या’ असं सांगून संगीत लागलं. अख्ख्या कार्यक्रमातला सगळ्यात उपयोगाचा भाग तो होता आणि तेवढाच आम्हाला मिळाला नाही.

बातम्यांच्या बाबतीत हे प्रकरण जिवावर बेतू शकतं. त्या शनिवारी नाशिकला संततधार होती आणि गोदावरी चढत होती. नानांच्या बहिणीचं घर पंचवटीत, नदीपासून जवळ. एका वृत्तवाहिनीवर अँकर सांगत होती, ‘नकाशात जे जिल्हे तुम्हाला लाल रंगात दिसतायत तिथे रेड अलर्ट आहे, केशरी रंगातल्या जिल्ह्यांनीही काळजी घ्यावी.’ जिल्ह्यांची नावं तिनं वाचलीच नाहीत. मग घाटावरचा बातमीदार आला. ‘तुम्ही पाहू शकता, पाणी कुठपर्यंत आलेलं आहे, ही दृश्यं पाहा.’ नाशिकमध्ये पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं सांगितलं की जुन्या नाशिककराला आणखी काही विचारावं लागत नाही. नाना तर त्या मारुतीच्या सावलीत वाढलेले. ते पुन्हा पुन्हा विचारत होते, ‘अगं, मारुतीच्या कुठवर आलंय पाणी?’ बातमीदार त्या मारुतीच्या समोर उभा होता आणि ते एक वाक्य त्याच्या तोंडून येत नव्हतं. मदतीचा फोन नंबर ‘खाली दिसतोय’ एवढंच आम्हाला कळलं. धरणातून किती पाणी सोडलं तो आकडाही पट्टीवरच फिरत असणार, कारण तो कुणी वाचला नाही. शेवटी आत्याबाईंना फोन लावून विचारलं.

याला वेगळा ऑडिओ ट्रॅक लागत नाही, खर्च लागत नाही. पडद्यावर जो आकडा, जे गावाचं नाव, जो नंबर दिसतो तो अँकरनं उच्चारायचा, एवढा एक नियम बातमीच्या टेबलावर पाळला की काम झालं. सह्याद्रीवरची संध्याकाळची बातमीपत्रं ऐकताना आम्हाला फारसं अडत नाही, याचं कारण तिथे बातमी पूर्ण वाचण्याची सवय अजून टिकून आहे. ती सवय रेडिओतून आली. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेटचं समालोचन करायचे, तेव्हा क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे आणि चेंडू कुठल्या बाजूनं सीमेकडे गेला, हे घराघरांत कळायचं. चालू घटना शब्दांत पकडून त्याच क्षणी पोचवण्याची परंपरा मराठीत आहे. टीव्हीनं ती सोडून दिली.

आता मालिका. दुपारी आदल्या रात्रीच्या एपिसोडचं पुनःप्रक्षेपण लागलं. मोठी जाऊ खोलीत एकटी आहे, हे आधीच्या संवादावरून कळलेलं. कपाटाचं दार कुरकुरलं. बांगड्या वाजल्या. काहीतरी घसरून पडल्यासारखा आवाज आला आणि लगेच ढोलताशासारखा ठोका, मग दुसरा, मग तिसरा. त्यानंतर पाऊण मिनिटाच्या आसपास नुसतं पार्श्वसंगीत. मधे कुणीतरी श्वास रोखल्याचा आवाज. नंतर ब्रेक. नानांनी विचारलं, ‘काय सापडलं गं तिला?’ मी म्हटलं, ‘कळलं नाही, नाना.’ सासूबाई भजनी मंडळात गेल्या होत्या. त्या परत आल्यावर त्यांना विचारलं, कारण त्यांनी रात्री तो भाग बघितला होता. ‘अहो, मंगळसूत्र नाही का सापडलं! पहिलीचं. आणि सासूनं दारातून बघितलं की तिला.’

म्हणजे त्या पाऊण मिनिटात दोन मोठ्या गोष्टी घडल्या होत्या. घरात आधी एक सून होऊन गेली हे उघड झालं, आणि हे गुपित फुटल्याचं सासूला समजलं. पुढच्या आठवड्याची सगळी भांडणं यावर उभी राहणार होती, आणि संवाद म्हणून एक शब्दही नव्हता. आता त्याच जागेत हे वाक्य घालून बघा: ‘साड्यांच्या घडीखाली लाल कापडात गुंडाळलेलं मंगळसूत्र. वाट्या काळवंडलेल्या. ती मागे वळते. दारात सासू.’ सावकाश वाचलं तरी आठ-दहा सेकंदांत होतं. ठोके तसेच राहतात, संगीत तसंच राहतं, उरलेली अर्ध्या मिनिटाची शांतताही शाबूत राहते. मराठी मालिकांची मांडणी अशी आहे की त्यांत वर्णनाला जागा मुबलक मिळते. एका धक्क्यावर घरातल्या आठ जणांचे चेहरे एकामागून एक दाखवायची पद्धत आहे. तेवढ्यात दोन वाक्यं सहज बसतात.

घरात कुणीतरी सांगतंच ना, असं लोक म्हणतात. हो, सांगतात. आमच्या सासूबाई वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत आणि त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण त्यांनाही मालिका बघायची असते. प्रसंग रंगात आला की त्या स्वतःच त्यात बुडतात आणि आपण विचारलं की ‘थांबा हो जरा, सांगते’ म्हणतात. सांगेपर्यंत पुढचा प्रसंग आलेला असतो. आणि त्या काय सांगतात ते त्यांच्या आवडीनिवडीवर असतं. त्यांना न आवडणाऱ्या सुनेनं काही चांगलं केलं तर ते आमच्यापर्यंत पोचेलच याची खात्री नाही. आपल्या घरात, आपल्याच टीव्हीसमोर बसून रोज कुणाची तरी मनधरणी करून गोष्ट समजून घ्यायची, हे किती वर्षं चालायचं? एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांना तर सांगायलाही कुणी नसतं. काचबिंदूनं, मधुमेहानं उतारवयात नजर गेलेल्यांना ब्रेल येत नाही, स्मार्टफोन जमत नाही. त्यांच्या हाताशी उरतो तो टीव्हीच.

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची नोंद ५० लाखांवर होती आणि महाराष्ट्रात ती पावणेसहा लाखांच्या आसपास होती. नानांसारखी माणसं स्वतःला अंध म्हणवूनच घेत नाहीत. विचारलं तर ‘जरा कमी दिसतं’ एवढंच सांगतात.

कायद्यात या सगळ्याची तरतूद आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम ४२ सरकारवर जबाबदारी टाकतं की इलेक्ट्रॉनिक माध्यमं दिव्यांगांना ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि उपशीर्षकं यांद्वारे उपलब्ध व्हावीत. ध्वनिवर्णनाचा उल्लेख तिथे नाव घेऊन आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर भारतानं २००७ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्याच्या तिसाव्या कलमात टीव्ही कार्यक्रम सुगम्य स्वरूपात मिळण्याचा हक्क मान्य केलेला आहे. पण सप्टेंबर २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं टीव्हीसाठी सुगम्यतेची मानकं काढली, ती कर्णबधिर प्रेक्षकांसाठी. त्यांना जे मिळालं ते मुळातच कमी आहे आणि त्यातही अंमलबजावणीची रड आहे, म्हणून त्यांच्याबद्दल माझी तक्रार असण्याचा प्रश्नच येत नाही. पण कलम ४२ मधली एक सोय घ्यायची आणि त्याच ओळीतली दुसरी सोडून द्यायची, याला आधार काय?

चित्रपटांच्या बाबतीत गोष्टी हलल्या, त्या कोर्टात गेल्यामुळे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ‘पठाण’च्या निर्मात्यांना ओटीटीवरच्या प्रदर्शनासाठी ध्वनिवर्णन तयार करायला सांगितलं. मग मार्च २०२४ मध्ये मंत्रालयानं चित्रपटगृहांतल्या चित्रपटांसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. एकापेक्षा अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांची मुदत, बाकीच्यांना दोन वर्षांची. मराठी चित्रपट बहुतेक या दुसऱ्या गटात मोडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सुगम्यतेचे काही किमान नियम बंधनकारकच असले पाहिजेत, नुसत्या शिफारशी करून कायद्याचं पालन होत नाही. हे सगळं वाचलं की उरतो तो टीव्ही. थिएटरचं तिकीट काढणाऱ्याची सोय सुरू झाली. ज्या माध्यमासमोर नानांसारखी माणसं दिवसाचे सहा-सात तास बसतात, तिथे अजून काहीच नाही. माझ्या सेट-टॉप बॉक्सवर एकाही मराठी मालिकेला वर्णनाचा ट्रॅक मला आजवर सापडलेला नाही.

अमेरिकेचा इतिहास इथे आठवण्यासारखा आहे. तिथल्या दळणवळण आयोगानं २००० मध्ये वाहिन्यांना ध्वनिवर्णनाची सक्ती केली. निर्माते कोर्टात गेले आणि २००२ मध्ये अपील न्यायालयानं तो नियम रद्द केला, कारण आयोगाला तसा अधिकार कायद्यानं दिलेला नव्हता. अंधांच्या संघटनांनी मग कायदाच करून घेतला. तो २०१० मध्ये झाला आणि २०१२ पासून मोठ्या वाहिन्यांना दर तिमाहीला ५० तासांचं वर्णन द्यावं लागलं. २०१८ पासून ते साडेसत्याऐंशी तास झालं. तिथे नियम होता, पण त्यामागे कायदा नव्हता म्हणून तो पडला. आपल्याकडे कायदा उभा आहे आणि त्याच्या पोटातला नियम कुणी लिहायला घेत नाही. आपल्याकडचं काम त्यांच्या मानानं सोपं आहे.

ब्रिटनमध्ये २००३ च्या कायद्यानं वाहिन्यांना किमान दहा टक्के कार्यक्रमांचं वर्णन करण्याचं लक्ष्य दिलं. बीबीसीसह काही मोठ्या वाहिन्या स्वतःहून वीस टक्क्यांपर्यंत गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये लंडनच्या एका प्रसारण केंद्रात आग विझवण्याची यंत्रणा सुटली, सर्व्हर बिघडले आणि चॅनल फोरची उपशीर्षकं, सांकेतिक भाषा आणि ध्वनिवर्णन कित्येक आठवडे कोलमडलं. ऑफकॉम या नियामकानं चौकशी केली आणि वाहिनीनं परवान्याच्या अटी मोडल्याचा निष्कर्ष काढला. सोय बंद पडली तर जाब विचारला जातो, ही पायरी आपल्याला गाठायची आहे.

आता आक्षेप. सगळ्यात खरा आक्षेप वेळेचा आहे. आपल्या मालिकांकडे एपिसोडची बँक नसते. रात्री चित्रीकरण, दुसऱ्या दिवशी संकलन, संध्याकाळी प्रक्षेपण, अशी धावपळ असते. त्यात वर्णन लिहायचं, ध्वनिमुद्रित करायचं आणि मिसळायचं कधी? हे मला पटतं, म्हणूनच पहिल्या प्रक्षेपणाची सक्ती मी मागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जे पुनःप्रक्षेपण होतं, रविवारी जो महाएपिसोड लागतो आणि वाहिनीच्या ॲपवर जो भाग कायमचा राहतो, तिथून सुरुवात करा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये मालिकेचा ऐवज बावीस-तेवीस मिनिटांचा असतो. मालिका ओळखीची असलेला लेखक तेवढ्या भागाचं वर्णन एका दिवसात लिहू शकतो, कारण घर तेच, माणसं तीच. दिवाणखान्याचं वर्णन एकदा केलं की रोज करावं लागत नाही. चित्रपटाचं तर त्याहून सोपं. थिएटरसाठी वर्णन तयार झालं असेल तर टीव्हीचे हक्क विकताना तीच फाइल वाहिनीला द्यायची आणि वाहिनीनं ती वापरायची, एवढी एक अट करारात हवी.

तंत्राचा आक्षेप मला मान्य नाही. कार्टूनच्या आणि निसर्गाच्या वाहिन्यांवर रिमोटचं भाषेचं बटण दाबलं की त्याच चित्रावर हिंदी, तमिळ, तेलुगू आवाज येतो. हे आपण कितीतरी वर्षं वापरतोय. दुसरा ट्रॅक पाठवण्याची वाट तयार आहे, त्यावर वर्णन चढवायचं बाकी आहे. फक्त ते बटण सापडलं पाहिजे. सेट-टॉप बॉक्सचा मेनू बोलत नाही, वाहिन्या आम्ही नंबर पाठ करून लावतो आणि नंबर बदलले की सगळं नव्यानं शिकावं लागतं. रोजच्या वापरातली उपकरणं सगळ्यांना वापरता येतील अशा रचनेची असावीत, हेही कलम ४२ मध्येच लिहिलेलं आहे.

जाहिरातदार यासाठी पैसे देणार नाहीत, असंही ऐकलं. पोळ्या लाटता लाटता, भाजी निवडता निवडता निम्म्या बायका मालिका ऐकतच असतात, त्यांनाही वर्णन आवडेल, असं उत्तर यावर देता येतं आणि ते खरंही आहे. पण माझा हक्क दुसऱ्यांच्या सोयीवर टांगलेला असावा, हे मला नको आहे. २०२२ च्या अपलिंकिंग-डाउनलिंकिंगच्या, म्हणजे वाहिन्यांना प्रक्षेपणाची परवानगी देण्याच्या, मार्गदर्शक तत्त्वांनुसार सरकार वाहिन्यांना रोज ३० मिनिटं सार्वजनिक हिताच्या कार्यक्रमांसाठी द्यायला लावतं. तिथे जाहिरातदाराला विचारलं गेलं नाही.

दबाव आला की लवकर होतं, याचं उदाहरण अगदी ठसठशीत आहे. एप्रिल २०१५ मध्ये नेटफ्लिक्सनं ‘डेअरडेविल’ ही मालिका आणली. तिचा नायक अंध. अंध प्रेक्षकांना ती समजण्याची सोय मात्र नव्हती. लोकांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच नेटफ्लिक्सनं त्या मालिकेपासून ध्वनिवर्णन सुरू केलं.

सक्ती आली की तासांचा हिशेब सुरू होईल आणि मला खरी धास्ती तिथेच वाटते. अमुक तास भरले म्हणून खूण करायची आणि आत काय भरलंय ते कुणी ऐकायचं नाही. त्या शनिवारी रात्री आम्ही टीव्हीवरच, एका ओटीटीच्या ॲपमधून, वर्णन असलेला एक हिंदी चित्रपट लावला. दिवसभरात पहिल्यांदा नाना कुणाला काही न विचारता तासभर बसले. गच्चीवरचा एक प्रसंग तर इतका नेमका सांगितला होता की पात्रं कुठे उभी आहेत ते मला हातानं दाखवता आलं असतं. तरीही दोष होते आणि ते सांगायला हवेत. ‘तिला वाईट वाटतं’ असं निवेदकानं पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं काय केलं ते सांगा. मान फिरवली, की पदर तोंडाला लावला, की हसून विषय बदलला? वाईट वाटलं हे माझं मला कळेल. एका ठिकाणी मारेकऱ्याचं नाव, बघणाऱ्यांना त्याचा चेहरा दिसायच्या आधीच, सांगून टाकलं. गाण्याच्या ध्रुवपदावर वर्णन चढवलं, कडव्यांच्या मधल्या संगीतात जागा असताना. आणि वर्णनाचा आवाज चित्रपटाच्या आवाजापेक्षा इतका खाली ठेवला होता की पावसाच्या प्रसंगात एक वाक्यही धड ऐकू आलं नाही.

मराठीत याहून जास्त काळजी घ्यावी लागेल. आपल्या मालिकांत निम्मी गोष्ट अंगावरच्या वस्तूंनी सांगितली जाते. कपाळावरचं कुंकू आहे की नाही, हातात हिरवा चुडा आहे की काचेची एक-एक बांगडी, डोक्यावर पदर कुणाला बघून आला. या गोष्टी ज्याला कळत नाहीत तो ‘पारंपरिक साडी नेसलेली स्त्री’ असं लिहून मोकळा होईल. नऊवारी की पैठणी की खणाचं परकर-पोलकं, हे त्याला सांगता येणार नाही, आणि ते सांगितलं नाही तर माणूस कुठल्या घरातलं, कुठल्या भागातलं हे आम्हाला कळणार नाही. वर्णन मराठीत वाढलेल्या लेखकानंच लिहायला हवं. आपल्याकडे श्रुतिका लिहिणारे, नभोनाट्यात काम केलेले, डबिंगचे संवाद ओठांवर बसवणारे लोक आहेत. त्यांना हे काम द्या.

रंगांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. अंधांना रंग सांगून काय उपयोग, असं विचारलं जातं. नानांना साडीचा रंग हवा असतो, कारण तो त्यांच्या डोळ्यांसमोर येतो. मला रंग कधी दिसलेला नाही, तरी हिरव्या चुड्याचा अर्थ मला ठाऊक आहे आणि देवळात सगळ्या लाल-पिवळ्यांत एकटी पांढऱ्या साडीत उभी आहे म्हणजे काय, तेही ठाऊक आहे. रंग कधी सांगायचा हे प्रसंग ठरवेल. आम्हाला काय कळणार नाही, हे लेखकानं परस्पर ठरवू नये.

यंत्राच्या आवाजाचा प्रश्नही आत्ताच बोलून घ्यावा, कारण स्वस्त पडतो म्हणून वाहिन्या आधी तिकडेच वळतील. मी दिवसभर फोनचा आणि कॉम्प्युटरचा यांत्रिक आवाज ऐकते, त्याच्याशी माझं वैर नाही. माहितीपट असेल, निसर्गाचा कार्यक्रम असेल तर चालेलही. पण आज जे आवाज मिळतात त्यांतले बरेच हिंदीच्या वळणानं बोलतात. ‘माझं’ मधला झ आणि ‘चमचा’ मधला च त्यांना नीट जमत नाही. रडारडीच्या प्रसंगात असा एक उच्चार कानावर आला की सगळा प्रसंग हातचा जातो. आणि आवाज यंत्राचा असला तरी लिहिणारा माणूसच हवा. साड्यांच्या घडीखाली सापडलेल्या मंगळसूत्राच्या वाट्या काळवंडलेल्या आहेत, हे सांगण्यासारखं आहे आणि मागच्या भिंतीवरचं घड्याळ सांगण्यासारखं नाही, हा निवाडा गोष्ट समजणाराच करू शकतो.

सुरुवात सह्याद्रीनं करावी. २ ऑक्टोबर १९७२ पासून मुंबई दूरदर्शनकडे मराठी नाटकं, मालिका, मुलाखती जमा होत आल्या आहेत, ते केंद्र लोकांच्या पैशानं चालतं, आणि जुन्या कार्यक्रमांना वेळेची घाईही नाही. आठवड्याला दोन तासांचं जुनं नाट्य वर्णनासह दाखवलं तरी लेखकांची, निवेदकांची एक फळी तयार होईल. खासगी वाहिन्यांना मंत्रालयानं पहिल्या वर्षी प्रत्येकी एक मालिका आणि आठवड्याला एक चित्रपट एवढंच बंधन घालावं, पुढे दर वर्षी वाढवत न्यावं. बातम्यांसाठी वर सांगितलेला वाचनाचा नियम उद्यापासून लागू होऊ शकतो.

आणि प्रत्येक वाहिनीनं वर्णन तपासणाऱ्या अंध श्रोत्यांचं छोटं मंडळ नेमावं, त्यात जन्मांधही असावेत आणि नानांसारखे उशिरा नजर गेलेलेही. प्रक्षेपणाआधी त्यांना भाग ऐकवावा, त्यांनी काढलेल्या चुका दुरुस्त कराव्यात आणि महिन्याला काय दुरुस्त केलं ते जाहीर करावं. हे काम सेवाभाव म्हणून फुकट मागू नये. संकलकाला, ध्वनिमुद्रकाला जसे पैसे मिळतात, तसे या तपासणाऱ्यांनाही दर भागामागे ठरवून द्यावेत.